केसपेपरवरचं सत्तर

हिंगोली, मंगळवार, जानेवारी २००३

खडीमशीनवरच्या मारोतीला आज शुद्ध आली. आभार देवाचे मानू, की माझ्या चुकीचे? परवा त्याला दवाखान्यात आणलं तेव्हा वय सांगणारं सोबत कोणी नव्हतं. मी चेहरा बघूनच केसपेपरवर सत्तर लिहिलं. आज त्याची बायको गयाबाई म्हणाली, "सत्तर कुठले बाई, पंचेचाळीसचे हायत." मी घाबरून केसपेपर डॉक्टरांपुढे धरला.

पण डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, धुळीनं शरीर सत्तरचंच करून ठेवलंय. तो आकडा बघून सलाईन हळू सोडलं, म्हणून हृदयानं तग धरला."

तरी सत्तर खोडायला मी पेन काढलंच. गयाबाईनं माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या बाई. लिवलंय तर तितकं जगू द्या त्यायला."