बिजलीचं बाळसं

३ नोव्हेंबर १९९८, आलापल्ली
इथे आल्यापासून नुसत्या शेळ्या. आज एक बैल, बाकी शेळ्या, आणि एका बाईची कोंबडी. कॉलेजने इंटर्नशिपला या दवाखान्यात टाकलंय, उन्हाळ्यापर्यंत सुटका नाही. डॉक्टरसाहेबांनी पुन्हा तेच विचारलं, पुढे घोड्यांच्या रोगांचाच अभ्यास करणार म्हणतेस, या जंगलात घोडा आणायचा कुठून? म्हटलं, आमच्या घरी आहे एक. ते हसले, मीही हसले.
संध्याकाळी सागाच्या डेपोतले मजूर घरी गेले की इथे बोलायला कुणी नाही. पुन्हा घोड्यांचं पुस्तक. भात करपला, तोच खाल्ला.

६ नोव्हें.
बाबांचा फोन आला दवाखान्यात. वडसा स्टेशनच्या पीसीओवरून, म्हणजे ओरडून. आई गेल्यापासून घरात ते आणि आमची घोडी बिजली. मी आपली सुट्टीपुरती. नाटकांचा हंगाम सुरू झालाय, टांग्याला भोंगा बांधून गावोगाव जाहिरात करत फिरायचे दिवस, आणि नेमकी आत्ताच घोडी लंगडतेय.
"काल पुढचा पाय, आज मांगचा. पन तब्येत बेस हाय, बेटा. तोंड कसं भरून आलं तिचं. म्हातारीनं बाळसं धरलं."
खुशीत होते. मीही बरं म्हटलं. पण ते बाळसं दिवसभर डोक्यातून जाईना. या वयात?

७ नोव्हें.
सापडलं. पुस्तकात फोटोच आहे. तोंड दोन्ही बाजूंनी फुगलेलं, आणि ती सूज मांसाची नाही, हाडाची. लंगडणं एका पायाचं नाही, आज हा, उद्या तो. कोंड्याने होतं. घोडं कोंड्यावरच ठेवलं की हाडातला चुना, म्हणजे कॅल्शियम, निघून जातो, हाड भुसभुशीत होतं. जरा जोरात पळवलं तरी मोडू शकतं. जुन्या काळी याला गिरणीवाल्यांचा रोग म्हणत, कारण त्यांच्याकडे कोंडा फुकट.
आणि वडशात भाताच्या गिरण्या काय कमी आहेत? सगळे टांगेवाले तेच घालायचे. बाबा तर पाण्यात कालवून, वर गुळाचा खडा टाकून, स्वतःच्या हाताने भरवतात. घोडी पाळावी तर यांनी, असं स्टेशनवर सगळे म्हणतात.
डॉक्टरसाहेब गडचिरोलीला मीटिंगला. ते पान खोलीत मोठ्याने वाचलं. भिंतीला.

१४ नोव्हें., वडसा
रजा मिळायला आठवडा गेला, आज आले. बि. मला बघून खिंकाळली नाही. खालच्या जबड्यावर बोटं फिरवली, जिथे कडा लागायला हवी तिथे जाड, गोल. श्वासाला आवाज. चावता चावता घास खाली पडतो. बाबा शेजारी उभे, मी काहीतरी छान म्हणेन या आशेने.
नुसतं "कोंडा बंद, हे औषध" म्हणून मोकळी झाले असते तर? मी परत गेल्यावर त्यांना दया आली असती आणि कोंडा पुन्हा सुरू. म्हणून सांगितलं. सगळं. वेळेत चुना पोटात गेला तर चालेल नीट, तोंड मात्र बहुतेक असंच राहील, हेही.
बाबा कोंड्याच्या घमेल्याकडे बघत बसले.
"म्हंजे मीच?"
"तुमाले कोनी सांगतलंच नाई ना, बाबा."
"मीच म्हन ना."
मी नाही म्हटलं नाही.

१५ नोव्हें., रविवार
हिरवं गवत, हरभऱ्याचा भरडा, त्यात चुनखडीची भुकटी. बि.ने हुंगलं, घमेलं नाकाने ढकललं, मान फिरवली. गवताच्या दोन काड्या खाल्ल्या, बाकी तसंच. हाताने भरवून पाहिलं तर ओठ मिटून घेते. तिला बाबांचा हात लागतो, आयुष्यभराची सवय. बाबांना हाका मारल्या, आले नाहीत. सकाळीच त्यांनी कोंड्याचं पोतं शेजारच्या म्हशीवाल्याला देऊन टाकलं आणि टांग्याची चाकं पुसत बसले. टांगा कुठे जाणार नाही, तरी.
शेवटी मीच जवळ जाऊन बसले. ते वर न बघता म्हणाले,
"तूच चार तिले. माह्या हाताचा मले भरोसा नाई राह्यला."
दुपारी रस्त्यावरून नाटकाची जाहिरात गेली. ऑटोवर भोंगा. बाबांनी मान वर केली नाही.
उद्या मला जायचंय, त्यांना माहीत आहे. रजा वाढवून मिळेल एखाद दिवस, मग? रोग ओळखला, बरं वाटायला हवं. पुस्तकात घोड्याचं सगळं दिलंय, घोडेवाल्याचं काय करायचं ते नाही. वर्गात पहिली आले होते तेव्हा स्टेशनभर पेढे वाटले होते या माणसाने. फार एकटं वाटतंय, आणि ते तर समोरच बसलेत.

१६ नोव्हें., एसटीत
अक्षर हलतंय.
सकाळी घमेलं भरलं आणि बि.च्या पुढ्यात न ठेवता दाराशी ठेवलं, खुंट्याचा दोर पुरणार नाही असं. मुद्दाम. तिला उपाशी ठेवायचं जिवावर आलं. बाबांना म्हटलं, आज मी चारलं नाही, गाडी चुकेल. ते हूं म्हणाले. पिशवी उचलून दिली.
गल्लीच्या तोंडाशी पोचले तर बि. खिंकाळली. भुकेची खिंकाळी, ओळखते मी. थांबून मागे पाहिलं. बाबा घमेल्यापाशी येऊन उकिडवे बसले होते. हात मात्र अजून गुडघ्यांवर.