फ्रिजवरचं नकाशांचं पुस्तक

१ ऑक्टोबर, मंगळवार

आज कॅसिडीचे तीन फोन! नात असावी तर अशी. चोवीस वर्षांची पोर अठरा चाकांचा ट्रक हाकते, आणि कॉफीला थांबली की आठवण कुणाची येते? या म्हातारीची!

मी नेहमीसारखं विचारलं, "काय म्हणते तुझी ती रस्ता सांगणारी पडद्यातली बाई?"

"म्हणते, अर्ध्या मैलावर उजवीकडे वळा."

"तिला विचार, घाटात बर्फ पडला तेव्हा चाकांना कधी साखळ्या बांधल्यास का?"

हसते नुसती. म्हणते, आजी, तू तिच्यावर जळतेस. जळते तर जळते! सव्वीस वर्षं माझ्या नवऱ्याने, वेंडेलने, ट्रक हाकला आणि शेजारी मांडीवर नकाशांचं पुस्तक घेऊन मी बसले. शाळा चौथीत सुटली, पण रस्ते मला वाचता येतात. ठेंगणा पूल दिसला की त्याखालची उंची लाल पेन्सिलीने पुस्तकात. ते पुस्तक हातात घेतलेला आमचा दोघांचा फोटो ट्रकवाल्यांच्या खाणावळीत गल्ल्यामागे अजून लावलेला आहे. पोरं त्याला सलाम ठोकतात म्हणे!

वेंडेलला जाऊन या हिवाळ्यात तीन वर्षं होतील. पुस्तक फ्रिजवर आहे, बिस्किटांच्या डब्यामागे.

सफरचंदाचा मुरंबा झाला. अकरा बरण्या. एकीचं झाकण लागेना, म्हणून ती मीच संपवतेय.

३ ऑक्टोबर, गुरुवार

पोर सुखरूप आहे. बाकी उद्या.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

लिहायचं नव्हतं. पण इथे नाही लिहिणार तर कुठे!

काल दुपारी दोनला तिचा फोन आला. टॅनर्स फोर्कच्या फाट्यावर थांबली होती. म्हणाली, "आजी, पुढे रेल्वेचा पूल आहे. ही बाई म्हणते बावीस मैल वळसा घाल. पाटीवरही तेरा फूट दोन इंच लिहिलंय. माझा ट्रक साडेतेरा. चारला माल पोचवायचाय. तुझ्या पुस्तकात काय आहे?"

मी ओट्यापाशी बीन्स निवडत होते. पुस्तक चार पावलांवर. आणि मी काय म्हणाले?

"थांब हं, उघडलंय समोर... हे बघ. तेरा फूट आठ इंच. माझ्याच हातचं."

उघडलं नव्हतं. जागची हललेसुद्धा नाही!

वर अक्कल शिकवली, "पाटीवर काय जातंय गं! रेल्वेवाले चार-सहा इंच खिशात ठेवूनच पाट्या लिहितात. तुझे आजोबा शंभरदा गेलेत खालून. त्या बाईचं तोंड बंद कर आणि जा."

गेली बिचारी. आजीवर भरवसा ठेवून गेली.

मागच्या डब्याचं छत पुलाला घासून माशांच्या पत्र्याच्या डब्यासारखं सोललं गेलं. आत टॉयलेट पेपरचे गठ्ठे होते. रस्ताभर पांढरं पांढरं. एरवी हसून पोट दुखलं असतं.

६ ऑक्टोबर, रविवार

चर्चनंतर खालच्या हॉलमध्ये जेवण होतं. माझी मक्याची पावरोटी पहिली संपली. पूर्वी घरी येऊन चार जणांना सांगितलं असतं.

माझी मैत्रीण व्हर्नीस ताट घेऊन शेजारी येऊन बसली. "ऐकलं का ओपलीन, त्या यंत्रानेच घातलं म्हणे पोरीला पुलाखाली! कॅसिडीनेच सांगितलं ऑफिसात. तू तर कधीची ओरडतेयस, कागदासारखं दुसरं काही नाही!"

सगळे मान डोलवायला लागले. कुणीतरी म्हणालं, "ओपलीन शेजारी असती तर पोर अशी अडकली नसती."

आणि मी काय केलं? "केक घ्या ना," म्हणाले. एवढंच! केक वाढत बसले, आणि पोरीने माझ्यासाठी खोटं सांगितलं ते तसंच राहू दिलं. माझा केकचा तुकडा ताटात तसाच राहिला. भोपळ्याचा होता, माझा आवडता.

वेंडेल म्हणायचा, तुला चुकलेला रस्ता कळतो गं, पण मागे वळायची लाज वाटते. मी चिडायचे.

९ ऑक्टोबर, बुधवार

आज मीच फोन केला. आवाज बसला होता तिचा. नोकरीचं पहिलंच वर्ष, अजून कायम झालेली नाही ती. शुक्रवारी हॅस्लमसाहेबांपुढे उभं राहायचंय. अपघातांचं सगळं ते बघतात.

"त्या यंत्रात सगळं साठून राहतं, आजी. ते उघडून बघणार आहेत."

"मग?"

"मग दिसेल ना! तिने तीनदा ओरडून सांगितलं होतं आणि मी तिला गप्प केलं. पूल एक वेळ माफ करतील ते. खोटं बोलणं नाही माफ करणार."

"अगं मग खरं सांग! आजीने सांगितलं म्हणावं."

"अन् खाणावळीतल्या त्या फोटोला लोक काय म्हणतील?" मग म्हणाली, "राहू दे. नकाशा जुना झाला असेल. तुझी काय चूक?"

तेव्हा तरी सांगायचं! 'जेवलीस का' विचारून फोन ठेवला. स्वयंपाकघरात गेले की फ्रिजकडे पाठ करून उभी राहते. आज अंड्यांसाठी फ्रिज उघडावा लागेल म्हणून अंडीच केली नाहीत. माणसाने फ्रिजला घाबरावं!

११ ऑक्टोबर, शुक्रवार

व्हर्नीसला म्हटलं, गाडी काढ, कॅसिडीच्या ऑफिसात जायचंय. वाटेत गाल हातात धरून बसले, तेव्हा तिने विचारलं, "दात दुखतोय का?"

मला दारात बघून कॅसिडी उठलीच. "आजी, तू घरी जा."

"खाली बस," म्हटलं.

हॅस्लमसाहेब पोरगेलेसे निघाले, गोंडस चेहऱ्याचे. त्यांच्यासमोर सगळं सांगितलं. बीन्स निवडत होते इथपासून. बीन्सचं काही कारण नव्हतं, पण खरं सांगायला बसले की मला सगळंच सांगावं लागतं.

ते म्हणाले, "आजीबाई, यंत्र बरोबर होतं, पाटी बरोबर होती. तुमचं पुस्तक जुनं. हे असंच होतं."

किती सोपं होतं हो म्हणणं! पुस्तकावर ढकलून मोकळी झाले असते.

"पुस्तकाला नावं ठेवू नका. मी ते उघडलंच नव्हतं. उघडलंय असं खोटं सांगितलं पोरीला. तीन वर्षांत हात लावलेला नाही मी त्याला. त्यात माझ्या वेंडेलचं अक्षर आहे."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. शेवटी म्हणाले, नोकरी राहील. खोटं बोलल्याबद्दल तीन आठवडे घरी, मग सहा महिने जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी.

कॅसिडीने घरी सोडलं. दारात गाडी थांबवून म्हणाली,

"आजी, तू म्हणालीस उघडलंय समोर."

उतरताना तिच्यासाठी सोबत नेलेली मुरंब्याची बरणी देऊ केली. घेतली नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

स्टूल घेतलं. डबा बाजूला केला. पुस्तक काढलं. धुळीने शिंका आल्या.

टॅनर्स फोर्कचं पान. माझं लाल १३-८ आहे. त्यावर निळी काट. शेजारी वेंडेलचं वाकडं अक्षर, नाकात प्राणवायूची नळी होती तेव्हाचं — 'डांबराच्या नव्या थरांनी रस्ता वर आलाय. आता १३-२. ट्रकवाल्या लॉइडने फोनवर सांगितलं.'

आणि त्याखाली:

'ओपलीन, कुणीतरी तुला विचारील. तोंडपाठ सांगू नकोस. उघडून बघ.'