प्रहरीच्या मुठीतला पट्टा

ता. ३

प्रिय ताई,

सा. न. वि. वि. एवढं मराठी मला येतं, हसू नकोस. आपल्या कॉमिकचं शेवटचं पान पाठवतोय. माझी पेन्सिल झाली, आता तुझी शाई. दुष्ट जादूगार काजळ्याची जादू संपलीय, ड्रॅगन पळालेत, तो गुडघ्यांवर बसून माफी मागतोय. आणि आपला हिरो प्रहरी कमरेचा पट्टा काढून त्याचा निकाल लावायला निघालाय. एकदम भारी जमलंय! प्रेसवाले सोमवारी छापायला घेतायत. सोमवार चुकला तर कॉमिकच्या मेळ्यात आपलं टेबल रिकामं. पप्पा माझ्याकडेच आहेत, बरे आहेत.

लोभ आहेच, तो शाईसारखा वाळू देऊ नकोस.

तुझा,
शेंबड्या

ता. ६

प्रिय शेंबड्या,

अनेक आशीर्वाद. बाकीच्या पानांची शाई केली. हे नाही करणार, परत पाठवतेय. पट्टा नीट बघ. मुठीला दोन वेढे, बक्कल बाहेर लोंबतंय. ड्रॅगन मारणारा असा पट्टा धरत नाही. पप्पा धरायचे. तू पलंगाखाली लपायचास, तुला तिथून त्यांचा हात आणि माझे गुडघे एवढंच दिसत असणार. दोन्ही हुबेहूब काढलेस. हा आपला चांगला माणूस असेल, तर कव्हरवर माझं नाव घालू नकोस.

वेळेवर जेव. माझी माया आहे तिथेच आहे.

तुझी,
ताई

ता. ८

प्रिय ताई,

सा. न. वि. वि. खरं सांगतो, आधी तुझा राग आला. मला पलंगाखालचं काही आठवत नाही. म्हटलं, नुसती पोझ आहे, ताई उगाच फाटे फोडतेय. मीच शाई करायला बसलो.

तेवढ्यात पप्पा चहा घेऊन आले. पान बघत उभे राहिले. चष्मा लावून परत बघितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “हे तिनं बघितलंय?”

मी हो म्हटलं. ते कप तसाच ठेवून आत गेले.

मी ते पान फाडलं. प्रेसला नाही म्हणून कळवलं, राहू दे टेबल रिकामं. नवं पान समोर कोरं पडलंय. काजळ्या माफी मागतोय, पुढे प्रहरीने काय करायचं ते मला सुचत नाही. तू सांगशील तसं काढतो.

आणि पप्पा विचारतायत, तुला फोन केला तर तू घेशील का. मी त्यांना अजून काहीच सांगितलेलं नाही.

रागावली असलीस तरी लोभ राहू दे.

तुझा,
शेंबड्या