रुग्णाच्या वतीने

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५. संध्याकाळ

आज महत्त्वाचा फोन. एका संस्थेतर्फे रुग्णांच्या अनुभवांचा सर्व्हे चालू आहे. गेल्या तीन महिन्यांत ज्यांचं ऑपरेशन झालं त्यांच्यापैकी काहींना निवडलंय. फोनवरच्या मुलीने शालनबाई आहेत का विचारलं. मी म्हटलं, मी त्यांचा मिस्टर, अर्जुनराव, बोला. (डिसेंबरात हिची पित्ताची पिशवी काढली. फाइलवर नंबर माझा आहे.) ती म्हणाली, नावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निघाली आहेत, फॉर्म पोस्टाने येईल.

चिठ्ठ्या वगैरे काही नाही. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर मी जे चार मुद्दे मांडले होते ते कुणीतरी लक्षात ठेवलेले दिसतात.

चाकणला कंपनीत बत्तीस वर्षं क्वालिटीला काढली. रिटायर झाल्यापासून हा अनुभव नुसता पडून होता. संकल्प: फॉर्म आल्यापासून दोन दिवसांत पूर्ण.

बुधवार, ५ फेब्रुवारी. सकाळी ६.१०

फॉर्म आला. अठ्ठेचाळीस प्रश्न. वर लिहिलंय, ‘रुग्णाने स्वतः भरावा’. म्हणजे एजंटकडून भरून घेऊ नये. घरचा माणूस एजंट नसतो.

प्रश्न १: आपण रुग्ण आहात का? यावर दहा मिनिटं विचार केला. ऑपरेशन हिचं झालं हे खरं. पण धावपळ कोणी केली? तीन रात्री बाकड्यावर कोण झोपलं? हिला निदान खाट तरी होती. ‘होय’वर टिक केली.

प्रश्न २ ते ५ ला रकाने फार लहान. माणसाने लिहायचं कुठे? वेगळी पुरवणी जोडणार.

सकाळी ११

पुरवणीची अनुक्रमणिका तयार. प्रकरण पहिलं, पार्किंग.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

मोजमापाशिवाय तक्रार म्हणजे नुसती कुरकुर. म्हणून टेप घेऊन चिंचवडला दवाखान्यात गेलो. नातेवाइकांचं बाकडं: रुंदी चौदा इंच. माझी रुंदी चौदा इंचांपेक्षा बरीच जास्त आहे. लिफ्ट तळमजल्याहून चौथ्यावर जायला एक मिनिट चाळीस सेकंद. कँटीनचा चहा तीनदा घेऊन पाहिला. तिन्ही वेळा गार.

सिक्युरिटीवाल्याने विचारलं, काका, कुणाला भेटायचंय? म्हटलं, ऑडिट. त्याने सॅल्यूट केला. मग त्याचा साहेब आला आणि कसलं ऑडिट म्हणाला. माझं काम तोपर्यंत झालंच होतं. दोघं गेटपर्यंत सोडायला आले.

दोन दिवसांची मुदत आज संपली. पण घाईत केलेलं काम मला कधीच जमलं नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

ही म्हणाली, माझ्या आजारपणाचा फॉर्म हाय ना? दावा की मला. मी म्हटलं, पूर्ण झाला की सहीला देतो. म्हणाली, सहीआधी वाचते, सातवी पास हाय मी. म्हटलं, अगं टेक्निकल आहे. आत जाऊन पलंगावर आडवी झाली. भर दुपारी. हल्ली आळस वाढलाय हिचा. चालायला जात जा म्हणून सांगितलं.

प्रकरण तिसरं (वॉर्डातले पंखे) पूर्ण.

सोमवार, १० फेब्रुवारी

पुरवणी चौतीस पानं झाली. शिवाय दोन आकृत्या आणि बाकड्याचा नकाशा. सोसायटीच्या गेटसमोर नौशादचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे तीन प्रती काढल्या. नौशाद म्हणाला, काका, पीएचडी करताय का? मी नुसता हसलो. मग त्याने विचारलं, चाचींची तब्येत कशी आहे आता? मी म्हटलं, एकदम फर्स्ट क्लास.

दुपारी फॉर्म आणि पुरवणी स्पीड पोस्टाने रवाना.

हिची सही राहिलीच. रुग्णाच्या वतीने म्हणून मी केली.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

फोन! तीच मुलगी. नाव रुक्साना. फारच अदबीने बोलते. म्हणाली, काका, तुमचं सगळं मिळालं, ऑफिसात सगळ्यांनी पाहिलं. (सगळ्यांनी!) मग म्हणाली, एक अडचण आहे, पेशंटनेच उत्तरं द्यायला हवीत. म्हणून ती स्वतः शनिवारी अकरा वाजता घरी येऊन प्रश्न विचारणार आहे.

घरी माणूस पाठवतायत. याचा अर्थ न कळायला मी दूधखुळा नाही. पुरवणीवर सविस्तर चर्चा हवी आहे त्यांना. पेशंटचं निमित्त.

लेकीला, अपेक्षाला, फोन करून तिचा लॅपटॉप मागितला. तळवड्याला आयटीत आहे, एक दिवस लॅपटॉपशिवाय चालेल. बावीस स्लाइड करायच्या आहेत. ती म्हणाली, बाबा, त्यांना आईशी बोलायचंय. मग बराच वेळ नुसता हसण्यासारखा आवाज येत होता. रेंज नसावी.

लॅपटॉप दिला नाही. चार्ट पेपर आणले.

शनिवार, १५ फेब्रुवारी. सकाळी ९

चार्ट हॉलमध्ये लावले. हिला म्हटलं, तू नमस्कार करून आत गेलीस तरी चालेल. ही जरीकाठाची साडी नेसून बसली आहे. कशाला, कळत नाही.

दुपारी २

जे झालं ते क्रमाने लिहितो.

रुक्साना वेळेवर आली. पंचविशीची पोर, चिंचवडचीच. चार्टांकडे बघून छान आहेत म्हणाली. मी छडी उचलली. तर म्हणाली, काका, मला काकूंशी एकट्याने बोलायचंय, आमचा नियमच आहे. मी म्हटलं, आमच्यात लपवण्यासारखं काही नाही. हीच म्हणाली, अवो, तुमी च्या ठेवा.

मी स्वयंपाकघरात गेलो. ऐकत नव्हतो. चहाला उकळी यायला वेळ लागतो आणि मधे नुसता पडदा आहे, त्याला मी काय करणार?

आधी दोघी हसत होत्या. बराच वेळ. दवाखान्यात हसण्यासारखं काय झालं होतं मला आठवत नाही. मग पोरीने विचारलं, जेवण कसं होतं? ही म्हणाली, चांगलं व्हतं, ह्यांनाच आवडायचं न्हाई. नर्स? लई मायाळू पोरी, केस इंचरून द्यायच्या. बाकडी, पंखे, लिफ्ट यांबद्दल एक शब्द नाही.

मग तिने विचारलं, दुखतंय का म्हणून डॉक्टर विचारायचे का?

ही म्हणाली, इचारायचे की. रोज सकाळी यायचे. दहापैकी किती दुखतंय म्हणायचे. मी त्वांड उघडायच्या आत हे सांगायचे, चार.

आणि तुम्हाला किती दुखायचं?

आठ. येका सकाळी तर नऊ.

मग तुम्ही सांगितलं नाहीत?

ही म्हणाली, चार लिवून डाक्टर म्होरच्या खाटेवर गेलं पण. आता मागनं कुठं हाका मारायच्या?

पोरीने विचारलं, आणि आता कसं आहे?

इथे चहा उतू गेला. गॅस पुसेपर्यंत हिचं उत्तर निघून गेलं.

चहा घेऊन बाहेर गेलो तेव्हा रुक्साना कागद बाजूला ठेवून हिचा हात धरून बसली होती. मला म्हणाली, काका, हे माझ्या सर्व्हेत येत नाही, पण काकूंच्या बेंबीजवळच्या टाक्याला आठ-दहा दिवस दुखतंय, वर लाल झालंय. डॉक्टरांना दाखवा, थांबू नका.

मी म्हटलं, हो, दाखवणारच होतो.

जाताना तिने चार्ट नेले नाहीत. पुरवणी परत दिली. पाकीट फोडलेलं होतं. पानं मात्र नौशादने टाचली होती तशीच, कडक.

रविवार, १६ फेब्रुवारी. सकाळी ७

दवाखान्यात फोन केला. आज डॉक्टर नाहीत. उद्या दहाची वेळ मिळाली.

काल दिवसभर विचार केला. चार हा आकडा चुकीचा नव्हता. ही कण्हत नव्हती. भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. बाहेरून पाहणाऱ्याला ते चारच दिसतं. बत्तीस वर्षं मी लोखंड तपासलं, वरून बघून आतला तडा सांगायचो.

हिला विचारलं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, तुमी सांगत व्हताच की सगळ्यांस्नी, फस् क्लास हाय म्हणून. नौशादच्या बायकोनं सांगितलं मला. मला बी वाटलं, आसंल.

यावर मुद्देसूद उत्तर देणार होतो. ही भाजी निवडत होती. मग मी भाजी निवडायला बसलो. मेथी निवडायला पाऊण तास लागतो हे माहीत नव्हतं.

दुपारी

ही झोपली आहे. चालायला जा म्हणालो नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी. दुपारी १

रिक्षाने गेलो. सिक्युरिटीवाल्याने ओळखलं. मान खाली घालून आत गेलो.

काउंटरवरच्या बाईने विचारलं, काय त्रास होतोय? मी श्वास घेतला, तोंड उघडलं. दोघी माझ्याकडे बघत होत्या. मग ही बोलली. सावकाश, पण एकदाही अडखळली नाही. कुठे दुखतं, कधीपासून, वाकल्यावर किती, खोकल्यावर किती. यातलं मला काहीच माहीत नव्हतं.

नंबर आला. नर्स मला म्हणाली, तुम्ही येताय ना आत? ही म्हणाली, न्हाई, त्ये बसत्यात भाईर. आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवून गेली.

चोवीस मिनिटं. एवढा वेळ डॉक्टर मला कधी देत नाहीत. बाकड्यावर बसून होतो, पण रुंदीचा विचार डोक्यात आला नाही. एकच विचार येत होता, की काही मोठं निघालं तर? समोरच्या माणसाने वेळ विचारली तर मी म्हटलं, आठ-दहा दिवस. तो उठून दुसरीकडे बसला.

ही बाहेर आली ती हसतच. आत एक टाका विरघळला नव्हता, तिथे थोडा पू धरलेला. साफ करून पट्टी केली, सात दिवस गोळ्या. घाबरण्यासारखं नाही. आणखी थोडं थांबला असतात तर चिरावं लागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, आणि? एवढा वेळ काय बोलत होता? ही म्हणाली, बोललो आमचं आमी.

एकूणात सर्व्हेचा फायदाच झाला. फोन मी उचलला म्हणून ती पोरगी आली, हे विसरून चालणार नाही. हे हिला सांगणार होतो. सांगितलं नाही.

रिक्षात ही डोळे मिटून बसली होती. खड्ड्यात गाडी आदळली तसा तिने दांडा घट्ट धरला. मी विचारलं, आता किती दुखतंय?

हिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, पाच. आणि म्हणाली, आपरेशन झाल्यापास्नं आज पयल्यांदा इचारलं तुमी.

हे धादांत खोटं आहे. दवाखान्यात मी रोज सकाळ-संध्याकाळ न चुकता विचारत होतो.

नर्सला.