तेवीस किलोंचा सूड

२ डिसेंबर, मंगळवार
आजपासून नवी रोजनिशी. ही माझ्याखेरीज कुणी वाचायची नाही, त्यामुळे फक्त सत्य लिहीन. कमळूविषयीचं सत्य सविस्तर लिहीन.

सकाळी सुयोगचा फोन. सुयोग हा कमळूचा मुलगा. कमळू हा माझा धाकटा भाऊ आणि शत्रू. सुयोग जर्मनीत इंजिनियर आहे, स्टुटगार्टला. तिथे त्याला मुलगी झाली. बारसं आमच्यासाठी थांबवून ठेवलंय. धसईहून घरची अकरा माणसं निघणार, सगळ्यांचे व्हिसा आले. सुयोग म्हणाला, मोठे काका, बारशाला इथली मराठी मंडळी येतील, तुम्ही दोन शब्द बोला.

दोन शब्द! मी समजलो. अध्यक्षीय भाषण.

याच सुयोगच्या लग्नात दोन वर्षांपूर्वी मी बोलत होतो. मुरबाडचा हॉल खच्चून भरलेला. विषय ‘विवाहसंस्था : काल, आज आणि उद्या’. ‘काल’ संपत आला होता. सभा माझ्या मुठीत होती. तेवढ्यात कमळूने बँडवाल्याला हात केला. माझ्या कानाशी ट्रंपेट वाजला. ‘आज’ आणि ‘उद्या’ माझ्या पोटातच राहिले. अजून तिथेच आहेत.

पण जर्मनीत बाहेर बर्फ असेल. कमळू उठून जाईल कुठे? बँडवाला ओळखीचा नाही. भाषा येत नाही. दीड तास ऐकेल.

निश्चय : सूड. शांतपणे, सुसंस्कृतपणे, माइकवरून.

४ डिसेंबर
सामानाचं खातं मी माझ्याकडे घेतलं. विरोध झाला नाही. खरं तर कुणी ऐकत नव्हतं.

माणशी एक बॅग, तेवीस किलो. संध्याकाळी ओटीवर सगळ्यांची सभा घेतली. बॅग भरणे आणि बॅग कोंबणे यांतला फरक समजावून सांगितला. तिथून जगातल्या मोठ्या स्थलांतरांवर आलो. ऐन रंगात असताना अनिता, म्हणजे कमळूची बायको, म्हणाली, भावोजी, चुलीवर भात हाय, उठू काय? या घरात विचारांना असंच कायम भाताशी झुंजावं लागलं आहे.

पहिला फतवा काढला : सुकट न्यायची नाही. कमळू गयावया करत म्हणाला, दादा, कुणालीनं मागितलीय रे, बाळंतपनापासून पोरीच्या तोंडाला चव नाय. मी म्हणालो, प्रश्न सुनेच्या तोंडाचा नाही, देशाच्या तोंडाचा आहे. विमानभर वास सुटला तर जग काय म्हणेल?

फार बरं वाटलं. चहा दोनदा घेतला.

८ डिसेंबर
भाषणाला संदर्भ लागतात. संदर्भ कपाटात आहेत. कपाट नेता येत नाही.

निवडक पुस्तकं काढली तरी माझ्या बॅगेत मावेनात. तेव्हा अकराही बॅगांत वाटून टाकली. जगाच्या इतिहासाचे दोन जाड खंड मुद्दाम कमळूच्या बॅगेत घातले. त्याच्यावर डागायचा दारूगोळा तो स्वतः उचलून नेईल. या विचाराने दिवसभर हसू येत होतं. शब्दकोश अनिताने नातीसाठी शिवलेल्या गोधडीत गुंडाळले. कोपरे दुमडायला नकोत.

भावना म्हणाली, बारशाला एवढी पुस्तकं? पोरगी वाचनार हाय काय? थोर माणसांच्या बायकांनी असंच बोललं पाहिजे असा काहीतरी नियम असावा.

१२ डिसेंबर
कल्याणहून ओव्हरकोट आणला. काळा, गुडघ्यापर्यंत. सोबत गरम बनियन आणि बूट. घरी घालून आरशासमोर उभा राहिलो. आरशात एक युग बोलायला उभं होतं. कमळू दारातून बघून म्हणाला, झकास दिसतोस दादा. त्याच्या आवाजात मत्सर ठासून भरलेला होता. मी ताबडतोब ओळखला.

१५ डिसेंबर
आज वजनं केली. घरात काटा नाही, म्हणून सगळ्या बॅगा टेम्पोत घालून बाजारात भाताच्या व्यापाऱ्याकडे नेल्या.

या काट्याचा इतिहास लिहून ठेवायला हवा. आमच्याकडे भात विकायला नेलं की व्यापारी पोत्यामागे दोन किलो कापतो. याला कडता म्हणतात. कारण विचारलं तर पोत्याचं वजन, ओल, माती, काहीही सांगतो. इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून तर तोंडाने कापायचीही गरज राहिली नाही. काटाच दोन किलो कमी दाखवतो. गेल्या वर्षी बाजाराच्या दिवशी मी याविरुद्ध भर चौकात उभा राहिलो. असा बोललो की भाजीवाल्या बायका तोलायच्या थांबल्या. शेटजी स्वतः हात जोडून पुढे आले. मास्तर, तुमचं शंभर टक्के बरोबर हाय, म्हणाले. मला चहा पाजला. त्या दिवशी धसईतून कडता हद्दपार झाला.

आज कमळू माझ्या कानाला लागला. दादा, ह्यो काटा आजून दोन किलो खातो रे, दिवाळीनंतर मी भात घातलंय ना हितं. मी सर्वांसमोर त्याला विचारलं, माझ्या भाषणानंतरसुद्धा? तो म्हणाला, तुझ्या भाषनानंतरच घातलंय. मी म्हणालो, मग तुझं भात ओलं असेल.

माझ्या एकमेव सामाजिक विजयावर हा माणूस दोन किलोंचा डाग लावायला निघाला होता! एकवीस किलो भरलेल्या बॅगाही मी सोडल्या नाहीत. प्रत्येक बॅग काट्यावर बरोबर तेवीस होईपर्यंत पुस्तकं घालत गेलो. शेटजी गल्ल्यावरून बघत होते आणि हसत होते. आदराने.

१९ डिसेंबर, शुक्रवार. विमानतळ.
दोन जीप करून आलो. वाटेत कुणी ओकलं नाही. माझं नियोजन.

काउंटरवर पहिली बॅग पंचवीस. दुसरी पंचवीस. तिसरी पंचवीस. मी काउंटरवरच्या मुलीला नम्रपणे सांगितलं, तुमचं यंत्र बिघडलंय. तिने शेजारच्या यंत्रावर ठेवली. पंचवीस. मी म्हणालो, दोन्ही बिघडलीत.

कमळूने माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलला नाही. याला मी हिंसा समजतो. बोलली ती भावना, आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलली : कडता बंद झाला म्हनं!

मग अकराही बॅगा जमिनीवर उघडल्या. कमळूने एक स्वेटर घातला, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. पँटीवर पँट चढवली. म्हणाला, अंगावरचं कोन तोलतंय? चला रे, सगळी घाला. बघता बघता आमचं घराणं गाद्यांच्या दुकानासारखं दिसायला लागलं. पोरं खिदळत होती. बॅगा एकेक करून तेवीसवर आल्या.

मला राहवलं नाही. मी तिथेच, ट्रॉलीचा आधार घेऊन, आत्मसन्मान या विषयावर बोललो. कपड्यांवर कपडे चढवून परदेशात पाऊल ठेवणारी माणसं आपल्या मातीची शोभा करतात, असं स्पष्ट सांगितलं. रोख कमळूकडे होता. दोन परके प्रवासी थांबून ऐकू लागले. एकाने मान डोलावली.

त्यानंतर माझ्या बॅगेची पाळी आली.

पुस्तकं काढणं अशक्य. काढायचं तर कोट, बूट, बनियन. भावना म्हणाली, अवो, घाला की अंगात! एवढ्या भाषणानंतर कसा घालणार? कमळू म्हणाला, दादा, माझ्या बॅगेतलं कायतरी काढतो, तुझा कोट तिथं ठेव. शत्रूच्या बॅगेत आश्रय? मी कोट, बूट आणि बनियन यांचं गाठोडं केलं आणि दारापाशी जाऊन बाहेर अजून थांबलेल्या जीपवाल्याच्या हातात दिलं. घरी पोचवायला सांगितलं. मला विचारांची ऊब पुरे.

२० डिसेंबर. आकाशात.
मोठी बातमी. भावना हळूच म्हणाली की सुकट तिने आणि अनिताने माझ्या कोटाच्या आतल्या खिशांत भरली होती. तुमचा कोट कोन तपासनार, म्हणून. म्हणजे कमळूची सुकट जीपवाल्याबरोबर परत गेली!

सूड क्रमांक एक पूर्ण. टोमॅटोचा रस मागवून साजरा केला. मग मीच उठून जाऊन कमळूला कळवलं. त्याने तीन स्वेटरांतून मान वर काढली. जाऊ दे रे दादा, त्याची पोरं खातील, म्हणाला आणि झोपला.

याच्यावर सूड घेण्यात काही मजा नाही. तरी घेईन.

२२ डिसेंबर. स्टुटगार्ट. उणे चार.
थंडी आहे. विशेष नाही. बोटं हलत नाहीत म्हणून अक्षर असं येतंय.

कमळूने तीनपैकी एक स्वेटर काढून पुढे केला. नाकारला. सुयोगने त्याचं जाकीट दिलं. ते माझ्या पोटावर मिटत नाही, दोन काठांमध्ये वीतभर छाती उघडी राहते. वक्त्याची छाती उघडीच असावी.

घरात बाळ झोपतं, म्हणून तालीम गॅलरीत घेतो. आज ‘काल’ पूर्ण आवाजात म्हटला. समोरच्या इमारतीतल्या म्हाताऱ्या बाईंनी खिडकी उघडली. मग वरच्या मजल्यावरचीही एक उघडली. शब्द कळत नसताना थांबून ऐकणारा समाज! आमच्या मुरबाडने शिकावं. थोड्या वेळाने सुयोग आला. म्हणाला, काका, समोरच्या आजी विचारतायत, कुणाला मदत हवीय का?

२५ डिसेंबर
आवाजाला जरा खर्ज आला आहे. उलट भारदस्त वाटतो.

दुपारी बर्फात ‘आज’ची तालीम. कमळू गॅलरीच्या दारात येऊन म्हणाला, दादा, आत ये रे, पोरगी उठली तरी चालंल. तालीम बंद पाडायचा डाव! मी दार बाहेरून ओढून घेतलं. ते बाहेरून उघडत नाही हे नंतर कळलं. तेवढ्या वेळात ‘उद्या’सुद्धा झाला. काचेवर थापा मारल्या तर आतून पोरं टाटा करत होती.

कुणाली रात्ररात्र बाळामागे जागते, तरी माझ्यासाठी गुळण्यांचं पाणी घेऊन आली. अनिताने तापवलेलं निघालं. शत्रुपक्षाचं म्हणून ठेवून दिलं.

२७ डिसेंबर
आज बोललो नाही. आवाज साठवतोय. बसण्याची व्यवस्था मी केली. कमळू पहिल्या रांगेत, मधोमध, भिंत आणि एक लठ्ठ गृहस्थ यांच्यामध्ये.

२८ डिसेंबर, रविवार
लिहावंच लागेल.

हॉल भरला होता. कुठून कुठून मराठी माणसं आली होती. पाळणा हलला, सुयोगच्या बहिणीने, सावळीने, आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव सांगितलं. रेवा. सुयोगने माझा परिचय करून दिला. चांगला करून दिला. कमळू ठरलेल्या जागी बसला होता, सुटायला वाट नव्हती. मी माइक धरला. त्याच्या डोळ्यांत डोळे घातले. तोंड उघडलं.

हवा आली.

सुयोगने माइक बदलून दिला. पुन्हा हवा. सायकलच्या ट्यूबमधून येते तशी. पहिल्या रांगेतलं एक पोर हसलं. मी ‘काल’, ‘आज’ आणि ‘उद्या’ तिन्ही एका दमात ढकलले. काहीही बाहेर आलं नाही.

कमळू उठला. लठ्ठ गृहस्थाच्या पायांवरून उठून आला. माझा हात धरून मला खुर्चीवर बसवलं आणि माइक घेतला. म्हणाला, मला बोलता येत नाय. आमच्या घरात बोलनारा हाच एकटा. ह्या पोरीच्या बारशाला ह्यो गावावरनं पुस्तकं घेऊन आला आन कोट ठेवून आला. आज त्याचा आवाज गेला म्हनून मी एवढंच मागतो, माझ्या नातीला तिच्या मोठ्या आज्यासारखं बोलता येऊ दे. आन माझ्यासारखं पोटभर जेवता येऊ दे. चला, पानं वाढलीत.

वक्तृत्वाच्या दृष्टीने सुमार. प्रस्तावना नाही, एकही संदर्भ नाही, उपसंहारात जेवण. टाळ्या मात्र थांबेनात. एक बाई डोळे पुसत होत्या. पुढच्या महिन्यात हळदीकुंकवाला याल का, असं त्याला चौघांनी विचारलं.

सूड आता दुप्पट.

३० डिसेंबर. दुपार.
ताप. डॉक्टरांनी सांगितलं, आठवडाभर एक अक्षर बोलायचं नाही. भावनाने त्यांना आठवडा वाढवता येईल का, असं सुयोगकरवी विचारलं.

सगळे गाव बघायला गेले. कमळू माझ्यासाठी मागे राहिला. खुर्ची ओढून उशाशी बसला आणि बोलायला लागला. कमळू! जन्मात चार वाक्यं सलग न बोललेला माणूस. भातावर बोलला, गाईच्या कासेवर बोलला, लहानपणी मी त्याला खांद्यावर घेऊन ओढा पार केला त्यावर बोलला. तो प्रसंग मला आठवतही नव्हता. मला उठता येत नव्हतं, अडवता येत नव्हतं. बाहेर बर्फ.

मग लग्नावर आला. म्हणाला, दादा, त्या दिवशी कुणालीच्या बापाला शुगरची चक्कर आली व्हती. सकाळपास्नं उपाशी. तुझं संपल्याबिगर पंगत बसत नाय. मी खालनं तुला चारदा हात केला, तू मला बघून आवाजच वाढवला. मग बँडवाल्याला हात केला. तुला सांगीन म्हनत व्हतो, पन तू सांगू कुठं देतोस?

यावर माझ्याकडे सात मुद्दे होते.

तो आत गेला आणि इथल्याच तांदळाची पेज करून घेऊन आला. वाटीत फुंकर घातली. माझ्याकडे न बघता म्हणाला, आजून रागावलायस काय रे माझ्यावर?

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं. त्याने चमचा आत घातला.

गिळली. पुन्हा तोंड उघडलं. दुसरा चमचा.