दिसायला हवीत की पळायला?

आदरणीय दादा,

कंबर वाकते तेवढा वाकून नमस्कार. (फार वाकत नाही, कारण पुढे येतंच आहे.) वहिनींचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक, म्हणजे तुमची बहीण ठीक आहे आणि माझ्याशी बोलत नाही.

झालं असं, की गाडीला नवी चाकं घ्यायची ठरली. दुकानदार भला माणूस. दोन चाकं पुढ्यात ठेवून म्हणाला, "साहेब, दिसायला हवीत की पळायला?" एक लहान, हलकं, राखाडी, त्यावर जाड टायर. ब्रेक नीट लागेल, खड्डे टायर गिळेल, असं त्याचं म्हणणं. पण चेहरा आमच्या हेडक्लार्कचा. दुसरं अठरा इंची, काळं-चंदेरी, टायर जेमतेम दोन बोटं. मी विचार केला, गाडी दिवसातले बावीस तास गॅलरीखाली नाहीतर ऑफिसखाली उभीच असते. तेव्हा दिसायलाच हवीत. (हा मुद्दा तुमच्या बहिणीला अजून पटलेला नाही.)

पहिले चार दिवस मी गॅलरीतून हललो नाही. सहा वर्षांत ओळख न दाखवलेले समोरचे दातांचे डॉक्टर चक्क उकिडवे बसून चाकं बघून गेले. पाचव्या दिवशी गाडी चालवली. रस्त्यात काडेपेटी पडलेली असली, तर ती भरलेली की रिकामी, हे आता मला बसल्या जागी कळतं. उजवीकडे पूर्ण वळलं की टायर आत घासतो, म्हणून ऑफिसला मी डावीकडून डावीकडून जातो. वीस मिनिटं जास्त लागतात, पण गाडी जास्त लोकांना दिसते.

मग शनिवार उजाडला. हिची पहिली मोठी ऑर्डर, लग्नाचा तीन मजली केक. ही मागे, खोका मांडीवर. वाटेत चकार शब्द बोलली नाही. मला वाटलं, चाकांवर खूश आहे. हॉलवर खोका उघडला, तर वरचा मजला तळमजल्यावर. नवरीच्या आईने केककडे बघितलं, हिने माझ्याकडे. अर्ध्या तासात सुरी, चमचा आणि टेबलावरची फुलं घेऊन हिने त्याचा दोन मजली केक केला, आणि लोकांनी वाखाणलाही. मी कोपऱ्यात खुर्चीवर होतो. दादा, खोटं कशाला बोलू, फुलं पुढे करायलाही मी उठलो नाही. परतताना ती एवढंच म्हणाली, "जुनी चाकं कुठे ठेवलीयत?"

आपला,
(वाकू न शकणारा) मेहुणा

ता. क. : एक बारीकशी विनंती. ही चाकं तुम्हीच फोनवर सुचवलीत, असं तिला एका ओळीत कळवाल का? तुमच्यावर ती आठवड्याच्या वर रागवत नाही.

ता. क. दुसरा : दादा, हे अक्षर माझं. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडेच दिलंय. केक माझ्या हातून आमच्या जिन्यात पडला, गाडीत बसायच्याही आधी. यांना एवढ्यात सांगू नकोस. पुढच्या आठवड्यात जुनी चाकं बसतायत.