न निघालेल्या यंत्राचा धाक

करडी, मंगळवार

श्री. जावईबापू हेमराजराव यांस करडीवरून टीनाच्या आईचा नमस्कार आणि आशीर्वाद. दोन्हीपैकी तुमच्या मानाले जे शोभेल ते घेजा.

तुमची तब्येत बरी असेल. टीनाची सर्दी गेली काय? तिले हळदीचं दूध देजा, नाही प्यायली तर तुम्ही पिजा. इकडे सगळं ठीक आहे. तुमचे सासरे धानाच्या बांधीत जातात, येतात, जेवतात, आणि मी विचारलेलं सोडून बाकी सगळं बोलतात. फोन असताना पत्र काहून, असं तुम्हाले वाटलं असेल. तर फोनवर तुम्ही मले बोलू देत नाही म्हणून. (राग नका मानू. जावई बोलत असताना सासूनं मधात बोलू नये म्हणून मी गप्प बसते, पण तुम्ही थांबतच नाही.)

गेल्या दिवाळीपासून तुम्ही एकच सांगून राहिले की हरवलेली वस्तू शोधणारं बटणाएवढं यंत्र निघणार आहे. वस्तूले चिकटवलं की ती कुठं आहे ते मोबाइलमध्ये दिसते. होळीले निघणार होतं, मग अक्षय तृतीयेले. कंपनी काही बोलत नाही, पण बातमी 'लीक' झाली म्हणता. जावईबापू, आमच्या इकडे नळ गळते, पण आधी नळ असते तरी. जी वस्तू बनलीच नाही, ती गळून कशी राहिली? तिचा फोटो तुम्ही पाठवला, तो मले करपलेल्या पापडासारखा दिसला. मी तेव्हाच टीनाले सांगतलं, घरातली वस्तू शोधायले मले डोळे आहेत, आणि डोळ्यांनी नाही झालं तर आवाज आहे. माझं आजही तेच मत आहे. पुढचं वाचून मी बदलली असं समजू नका.

आमच्या बचत गटाची भांडी तुम्ही पाहिली नसतील, पण जेवले त्यातलंच आहे, कारण तुमचं लग्न त्याच भांड्यांत शिजलं. भात शिजवायचा मोठा गंज (उचलायले दोन बाया लागतात), पीठ मळायचे कोपर (तुमच्याकडे परात म्हणतात), झारे. कोणाकडे कार्य असलं की न्यायचं आणि घासून परत आणायचं. खोलीची चाबी माझ्यापाशी. या उन्हाळ्यात मात्र नेणं होतं तेवढंच राहिलं आणि आणणं कमी झालं. आधी झारे गेले, मग कोपर गेले, आणि ताराचंदभाऊच्या पोरीचं, भावनाचं लग्न तोंडावर आलं तेव्हा खोली उघडून पाहते तर मोठा गंजच नाही! ताराचंदभाऊ साधा माणूस. म्हणाले, "राहू द्या वहिनी, मी भंडाऱ्याच्या बिछायतवाल्याकडून भाड्यानं आणतो." मले त्या दिवशी जेवण गेलं नाही. गटाची भांडी असताना आमच्या गावची पोरगी भाड्याच्या भातावर सासरी जाणार?

त्यात मीटिंग भरली. विजयमालाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "गंजाले पाय फुटत नाहीत, ललिताबाई. चाबी तुमच्यापाशी असते, मग आम्ही कोणाले विचारावं?" सगळ्या बाया खाली पाहून राहिल्या. इतक्या वर्षांत माझ्याकडे असं कोणी पाहिलं नव्हतं, म्हणजे पाहणं टाळलं नव्हतं. माझं डोकं भणाणलं. मी उभी राहिली आणि म्हटलं, "विचारूच नका! माझा जावई पुण्याले आहे. भांडं कोणाच्या घरात आहे ते दाखवणारं यंत्र येणार आहे. मग पाहू पाय कोणाच्या घराकडे गेले ते." मी फक्त 'येणार आहे' म्हटलं. तुम्हीही तेवढंच म्हणून राहिले. त्याच्यात खोटं काय?

पण गावानं त्या कंपनीपेक्षा लवकर काम केलं. संध्याकाळपर्यंत यंत्र आलेलं होतं. सकाळी ते सगळ्या भांड्यांच्या बुडाले कधीचंच लागलेलं होतं. नळावर विजयमालाबाईची सून कीर्ती मले हळूच विचारते, "काकू, भांड्यात काय शिजवलं तेही दिसते काय हो?" (गटाच्या भांड्यात मटण-कोंबडी करायची नाही, असा नियम आहे.) मी म्हटलं, "भाजी दिसत नाही. कोंबडी दिसते." पोरगी अर्धी घागर भरूनच घरी गेली.

मग भर दुपारी, गाव झोपलेलं असताना, भांडी परत यायले लागली. एक झारा कडीले लटकलेला. एक कोपर आमच्या गोठ्यात म्हशीसमोर, आत कोंडा टाकून (म्हशीनं आवाज करू नये म्हणून असेल). दुसरा कोपर इतका घासलेला की त्याच्यावरचं गटाचं नावही गेलं. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी खोलीच्या दारात मोठा गंज, राखेनं लखलखीत, पालथा घातलेला. मी त्याच्यावर हात ठेवला आणि मले रडू आलं. हे टीनाले सांगू नका.

भावनाचं लग्न थाटात झालं. भात मोकळा झाला होता. विजयमालाबाई पंगतीत सगळ्यांसमोर माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "चुकलं माझं, बाई." त्यांनी माफी मागितली, मी ती ठेवून घेतली. तर जावईबापू, त्या कंपनीले माझ्याकडून सांगजा, बनवायची मेहनत घेऊच नका. नुसतं 'येणार, येणार' म्हणत राहा. बनवून काढाल तर कोणी भिणार नाही.

टीनाले आशीर्वाद. गाडी हळू चालवजा.

तुमची सासू,
ललिता

ता. क. मोठा गंज आमच्याच घरच्या माणसाच्या हातून गेला होता. तुमच्या सासऱ्यांनी खुंटीवरची चाबी काढून तो शहापूरच्या मधुकररावले देऊन टाकला, मैत्रीत, मले न विचारता. यंत्राची गोष्ट त्यांनीही खरी मानली. परत आणताना बसमध्ये गंजाले सीटवर बसवलं आणि स्वतः उभे राहून आले म्हणतात. विजयमालाबाईची माफी आता परत करावी लागेल. पाहू. सध्या माझ्यापाशीच आहे.

ता. ता. क. खरं काम राहूनच गेलं. यंत्र यंदा निघत नाही, बातमीच खोटी होती, असं तुम्ही काल टीनाले म्हटलं म्हणे. ते आपल्या घरच्या ग्रुपवर टाकू नका. तुमचे सासरे ग्रुप वाचतात. आपला फवारणीचा पंप, मोठी सतरंजी आणि शिडी कोणाकोणाले देऊन ठेवली, ते त्यांना आता रोज थोडं थोडं आठवून राहिलं आहे.

पाकीट चिकटवता चिकटवता कोणीतरी दारात शिडी ठेवून गेलं. आपली नाही.